नॉर्थ कॅरोलायनात रेसिंगवेड्यानं घर कुठे घ्यावं: लेक नॉर्मन, ट्रायड की ट्रँगल?

शार्लटला नोकरी लागली की आपली माणसं बॅलंटाइनकडे घर बघतात, रॅलीला लागली की केरी-मॉरिसव्हिलकडे. शाळा चांगली, ऑफिस जवळ, पटेल ब्रदर्स हाताशी. संसाराच्या हिशेबानं निवड बरोबरच आहे. पण वर्षातले सात-आठ शनिवार-रविवार स्वतःची गाडी ट्रॅकवर पळवायची असेल किंवा पोराला कार्टिंगमध्ये घालायचं असेल, तर हाच हिशेब नव्यानं मांडावा लागतो. नॉर्थ कॅरोलायना हे अमेरिकन रेसिंगचं माहेर आहे, पण या माहेरात दोन चुली आहेत. ओव्हलची, म्हणजे लंबगोल ट्रॅकवरच्या शर्यतींची, चूल शार्लटच्या उत्तरेला, लेक नॉर्मनच्या काठानं. रोड रेसिंगची, म्हणजे डाव्या-उजव्या वळणांच्या ट्रॅकवरच्या शर्यतींची, चूल थेट व्हर्जिनियाच्या हद्दीवर, व्हीआयआर म्हणजे व्हर्जिनिया इंटरनॅशनल रेसवेपाशी. दोहोंत अडीच तासांचं अंतर आहे. आपलं वेड कुठल्या चुलीवरचं, हे घर बघायच्या आधी ठरवायला हवं.

आधी लेक नॉर्मन, कारण नाव त्याचंच सगळ्यात मोठं. मूर्सव्हिल स्वतःला ‘रेस सिटी यूएसए’ म्हणवून घेतं आणि ते शोभूनही दिसतं. नास्कार म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींची संस्था; तिच्या टीमांपैकी टीम पेन्स्के आणि जेआर मोटरस्पोर्ट्स इथेच, जो गिब्स आणि ट्वेंटीथ्री इलेव्हन खाली हंटर्सव्हिलला. नास्कार टेक्निकल इन्स्टिट्यूट याच गावात आहे. इथली खरी श्रीमंती मात्र संग्रहालयांत नसून औद्योगिक वसाहतींतल्या लहान गाळ्यांत आहे. डँपर (शॉक ॲब्सॉर्बर) पुन्हा बांधून देणारा, गिअरबॉक्स उघडणारा, रोल केज (आतल्या माणसाला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा) वेल्ड करणारा, कार्बन फायबर दुरुस्त करणारा, अशी माणसं दहा मैलांच्या आत भेटतात. इतर शहरांत डँपर कुरिअरनं पाठवून तीन आठवडे थांबावं लागतं, इथे सोमवारी देऊन शुक्रवारी आणता येतो.

टीमांनी काढून टाकलेले सुटे भागही या भागात मिळतात. कॅलिपर, ड्राय-ब्रेक होज, पंखे, ब्रेक डक्ट बिनधास्त घ्यावेत. रॉड एंड (सस्पेन्शनचे सांधे), चाकांचे स्टड आणि सीटचे पट्टे जुने घेऊ नयेत. पट्ट्यावर शिवलेली तारीख वाचा: एसएफआय १६.१ या सुरक्षा मानकाचा पट्टा बनवल्यापासून दोन वर्षांत बाद होतो, मग तो दिसायला कितीही नवा असो. कपड्याचा धागा उन्हानं आणि घामानं आतून कमजोर होतो, डोळ्यांना ते दिसत नाही. ट्रॅकवरच्या तपासणीत असा पट्टा निघाला तर सकाळी सात वाजता गाडी बाजूला लावावी लागते.

रोजच्या जगण्याचं काय? आय-७७ वरचे एक्झिट नंबर म्हणजे साउथ कॅरोलायनाच्या हद्दीपासूनचे मैल. शार्लटचं अपटाउन दहा-अकरावर, हंटर्सव्हिल २३ वर, मूर्सव्हिल ३६ वर. म्हणजे मूर्सव्हिलहून ऑफिस २५ मैल. मोकळा रस्ता असेल तर अर्धा तास, सकाळच्या गर्दीत तासभर धरून चाला. २०१९ पासून मधल्या एक्सप्रेस लेन सुरू आहेत, पण त्यांचा टोल गर्दीप्रमाणे वरखाली होतो आणि गरज जास्त तेव्हाच तो जास्त असतो. गाडीत तीन माणसं असली आणि एनसी क्विक पास या टोलच्या खात्यात तशी नोंद केली तर फुकट. रोज अपटाउन गाठायचं असेल तर हंटर्सव्हिलच्या वर जाऊ नये. आठवड्यातून दोनच दिवस ऑफिस असेल तर मूर्सव्हिल सहज झेपतं. किराणा आणि आपल्या लोकांचे कार्यक्रम साउथ शार्लटच्या बाजूला जास्त, त्यामुळे गणपतीच्या आरतीला जायचं तर पाऊण-एक तास मोजावाच लागतो.

मुलांसाठी मात्र या भागाला तोड नाही. मूर्सव्हिलचा ट्रॅकहाउस मोटरप्लेक्स (पूर्वीचा गोप्रो मोटरप्लेक्स) हा ०.७ मैलांचा कार्टिंग ट्रॅक आहे. आधी तिथल्या भाड्याच्या कार्टमध्ये पाच-सहा वेळा बसवा. पोरगं उतरल्यावर आपणहून वेळांचा कागद मागायला लागलं, तरच स्वतःच्या कार्टचा विचार करा. सॉल्सबरीजवळचा मिलब्रिज स्पीडवे हा मैलाच्या सहाव्या हिश्शाचा मातीचा ट्रॅक. मातीवर गाडी सरकते कशी आणि सावरायची कशी हे तिथे मूल लवकर शिकतं. उन्हाळ्यात शार्लट मोटर स्पीडवेच्या पुढच्या सरळ पट्ट्यावर पाव मैलाचं छोटं ओव्हल मांडून लेजंड आणि बँडोलेरो गाड्यांच्या शर्यती होतात. बँडोलेरो आठव्या वर्षापासून चालवता येते. लेजंड म्हणजे जुन्या काळच्या गाडीचं ५/८ आकाराचं रूप, आत यामाहाचं मोटरसायकलचं इंजिन. या गाड्या बनतातही तिथेच, स्पीडवेच्या शेजारी.

एक सावधगिरी. एच-१बी वर असाल तर शनिवार-रविवारी एखाद्या टीमकडे पगारी काम करता येत नाही, अगदी टायर उचलण्याचंसुद्धा. तुमचा व्हिसा एका मालकाच्या नावावर असतो. बक्षिसाच्या रोख रकमेबद्दलही आधी वकिलाला विचारून घ्या. ‘रेसिंगमध्ये शिरता येईल’ एवढ्याच आशेवर मूर्सव्हिल निवडणाऱ्यानं हे आधी लक्षात घ्यावं.

कॉन्कर्ड आणि हॅरिसबर्ग हा लेक नॉर्मनचा स्वस्त आणि जास्त सोयीचा भाऊ. शार्लट मोटर स्पीडवे १९६० चा, दीड मैलाचा, आय-८५ च्या एक्झिट ४९ वर. त्याच आवारात मातीचा ट्रॅक आणि २००८ साली उघडलेली झीमॅक्सची चार लेनची ड्रॅग स्ट्रिप, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतींचा पट्टा. हेंड्रिक या नास्कार टीमचं आवार स्पीडवेला लागून, तर हासच्या एफ-१ टीमचं अमेरिकेतलं ठाणं शेजारच्या कनापोलिसला. कनापोलिस हे नास्कारचा दिग्गज डेल अर्नहार्टचं गाव, भर चौकात त्याचा पुतळा आहे. विंडशिअर हा फिरत्या पट्ट्याचा पूर्ण आकाराचा विंड टनेलही कॉन्कर्डलाच. युनिव्हर्सिटी भागात ऑफिस असेल तर इथून पंधरा-वीस मिनिटं.

अडचण आवाजाची. स्पीडवेवरच्या मोठ्या शर्यती वर्षात मोजक्याच असतात, पण ड्रॅग स्ट्रिप आणि मातीचा ट्रॅक धरून कॅलेंडर बरंच भरलेलं असतं. २००७ मध्ये या ड्रॅग स्ट्रिपवरून मोठा वाद झाला होता. रहिवाशांच्या तक्रारीवरून कॉन्कर्डच्या नगर परिषदेनं जमिनीचा वापरच बदलला, स्पीडवेचे मालक ब्रूटन स्मिथ यांनी सगळा स्पीडवे दुसरीकडे हलवायची धमकी दिली, आणि परिषदेला माघार घ्यावी लागली. आज स्पीडवेसमोरच्या रस्त्याला त्यांचंच नाव आहे. तेव्हा घर घेऊन मग आवाजाची तक्रार करू असं मनात आणू नका. ड्रॅगच्या चाचण्या चालू असतात त्या दिवशी, वारा ट्रॅककडून तुमच्याकडे येत असताना, पाहायच्या घराच्या मागच्या डेकवर अर्धा तास उभे राहा. झाडांची दाट रांग असली तरी टॉप फ्युएल या सगळ्यात ताकदवान ड्रॅग गाड्यांचा हादरा खिडक्यांना जाणवतो. ज्याला हा आवाज गोड लागतो त्याच्यासाठी हॅरिसबर्ग उत्तम. घरातल्या दुसऱ्या माणसाला लागतो का, हेही बघा. मेमोरियल डेच्या रविवारी सहाशे मैलांची शर्यत असते, त्या दिवशी कॉन्कर्ड मिल्सकडे फिरकू नये.

आता माझ्या मते सगळ्यात कमी लेखला गेलेला भाग: ट्रायड. ग्रीन्सबरो, विन्स्टन-सेलम, हाय पॉइंट आणि मधलं कर्नर्सव्हिल. आपली माणसं इकडे फारशी बघतच नाहीत, कारण बँका शार्लटला आणि टेक कंपन्या ट्रँगलला, म्हणजे रॅली-डरहॅमच्या पट्ट्यात. पण नकाशावर कंपास ठेवून वर्तुळ काढलं तर मध्यबिंदू इथे पडतो. ग्रीन्सबरोहून व्हीआयआर सुमारे ६० मैल, यूएस-२९ नं डॅनव्हिलमार्गे तासाभरापेक्षा थोडं जास्त. मार्टिन्सव्हिलचा ओव्हल तासाभरात. शार्लट मोटर स्पीडवे सव्वा तास. रॉकिंगहॅमचा ओव्हल दीड तास. नॉर्थ विल्क्सबरो, जिथे १९९६ नंतर नास्कारच्या सर्वोच्च कप मालिकेच्या गाड्या २०२३ मध्ये परत आल्या, तेही दीड तासाच्या आत. वेलकम नावाच्या गावात रिचर्ड चिल्ड्रेसची नास्कार टीम, रँडलमनजवळ नास्कारमधल्या पेटी घराण्याचं संग्रहालय. आणि विन्स्टन-सेलमला बोमन ग्रे स्टेडियम: फुटबॉलच्या मैदानाभोवती पाव मैलाचा सपाट डांबरी पट्टा, जिथे १९४९ पासून नास्कारच्या साप्ताहिक शर्यती चालू आहेत. उन्हाळ्यातल्या शनिवारी रात्री तिथे सगळं गाव लोटतं. ट्रॅक इतका अरुंद की पुढे जायचं तर पुढच्याला थोडं ढकलल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि प्रेक्षक तेवढ्यासाठीच येतात.

ट्रायडमध्ये त्याच पैशात जमीन जास्त मिळते. ओक रिज, समरफील्ड, स्टोक्सडेल या बाजूला एकर-अर्धा एकराचे भूखंड आहेत, आणि त्यांवर वेगळं गॅरेज बांधायला जागा राहते. उणं काय? आपल्या लोकांची वस्ती विरळ, मुलांना मराठी शाळेत घालायचं तर शार्लट किंवा ट्रँगल गाठावं लागेल, आणि नोकरी सुटली तर दुसरी त्याच गावात मिळेलच असं नाही. घरून काम असणाऱ्यासाठी मात्र हा सौदा सगळ्यात चोख आहे. फक्त घर पक्कं करण्याआधी त्या पत्त्यावर फायबर येतं का, हे कंपनीकडून पत्त्यानिशी विचारा. शेजाऱ्याकडे आहे म्हणजे तुमच्या लांब ड्राइव्हवेच्या टोकाला असेलच असं नाही.

व्हीआयआर जवळ असण्याला एवढं महत्त्व का? हा १९५७ चा ट्रॅक १९७४ मध्ये बंद पडला आणि २००० साली पुन्हा उघडला. नेहमी वापरला जाणारा ‘फुल कोर्स’ ३.२७ मैलांचा. चढावर घेतलेले एसेस (एस आकाराची सलग वळणं), पुढे ओक ट्री वळण (ज्या झाडामुळे नाव पडलं ते २०१३ मध्ये कोसळलं), मग लांबलचक मागची सरळ आणि उतारावरचं रोलर कोस्टर. बाजूला बहुतेक ठिकाणी भिंतीऐवजी गवत, म्हणून चुकलेल्या नवशिक्याची गाडी बहुधा मळते, मोडत नाही. ट्रॅकच्या दिवशी तपासणी आणि ड्रायव्हरांची बैठक सकाळी सात-साडेसातच्या सुमाराला उरकते. शार्लटहून निघायचं तर अडीच तास, म्हणजे आदल्या रात्री डॅनव्हिलला मुक्काम. आठ वीकएंड धरले तर वर्षाला सोळा रात्री हॉटेल. तासभरावर राहणारा पहाटे साडेपाचला ट्रेलर जोडतो आणि रात्री आपल्या अंथरुणात झोपतो. शिवाय शनिवारी दुपारी ब्रेकची डिस्क तडकली तर जवळच्या दुकानांत पिकअपचे सुटे भाग ढिगानं मिळतात, तुमच्या ट्रॅकवरच्या ब्रेक पॅडला चालणारी डिस्क मिळत नाही. घर तासाभरावर असेल तर गॅरेजमधली जादाची जोडी कुणीतरी घेऊन येतं आणि रविवार वाचतो.

शार्लटवाल्यांना जवळचा रोड कोर्स म्हणजे साउथ कॅरोलायनातल्या कर्शॉचा कॅरोलायना मोटरस्पोर्ट्स पार्क. २.२७९ मैल, १४ वळणं, जुन्या धावपट्टीवरचा म्हणून सपाट. दीड तासात पोचता येतं. शिकायला छान, पण व्हीआयआरची चढ-उताराची मजा तिथे नाही.

ट्रँगलबद्दल थोडक्यात. केरीहून व्हीआयआर दीड तास, डरहॅमच्या उत्तरेकडून सव्वा, हिल्सबरोहून तासाभराचं. हिल्सबरोहून एनसी-५७ धरला की रॉक्सबरो, सेमोरा, मिल्टन करत हद्दीपर्यंत एकच रस्ता, दोनच लेनचा. संध्याकाळी हरणं आडवी येतात, ट्रेलर मागे असताना वेग आवरा. रॅलीचा टारहील स्पोर्ट्स कार क्लब ऑटोक्रॉस (शंकूंमधून वेळ लावून धावणं), रॅलीक्रॉस (तेच मातीवर) आणि ट्रॅकचे कार्यक्रम घेतो. पोर्शे क्लबची हरिकेन शाखा आणि बीएमडब्ल्यू क्लबची टारहील शाखाही याच भागात सक्रिय आहेत, आणि त्यांच्या शिकवण्याच्या वीकएंडना इतर बनावटीच्या गाड्याही बऱ्याचदा घेतात. नवशिक्यासाठी राज्यात याहून चांगली शाळा नाही. माणसं आपली, देऊळ जवळ, नोकऱ्या भरपूर. अडतं ते एकाच ठिकाणी, आणि ती गोष्ट शार्लटमध्येही अडते: सोसायटीचे नियम.

केरी, मॉरिसव्हिल, बॅलंटाइनच्या बहुतेक वसाहतींत एचओए (घरमालकांची संघटना) आहे, आणि बहुतेकांच्या नियमांत ट्रेलर रस्त्यावरून दिसेल असा उभा करायला मनाई असते. ड्राइव्हवेवर जॅकवर चढवलेली गाडीही बऱ्याच ठिकाणी चालत नाही. राज्याच्या कायद्यानं एचओएला सुनावणी घेऊन १०० डॉलरपर्यंत दंड लावता येतो, आणि चूक चालू राहिली तर तो रोज वाढतो. एजंट म्हणतो ‘कुणी बघत नाही’, त्यावर जाऊ नका. नियमांचा मूळ दस्तऐवज कौंटीच्या रजिस्टर ऑफ डीड्सकडे नोंदलेला असतो आणि ऑनलाइन वाचता येतो. त्यात ट्रेलर, बोट, ‘इनऑपरेबल व्हेइकल’ हे शब्द शोधा. नंतरच्या दुरुस्त्या वेगळ्या नोंदल्या जातात, त्याही उघडून बघा.

आता गॅरेजचं माप. बिल्डरचं दोन गाड्यांचं गॅरेज बहुधा २० बाय २० फुटांचं. १८ फुटी डेकचा उघडा ट्रेलर दांडीसकट २२ फुटांच्या पुढे जातो, म्हणजे तो आत मावत नाही. चार खांबी लिफ्टवर मियाटा (माझदाची छोटी स्पोर्ट्स कार) वर आणि रोजची सेडान खाली ठेवायची, तर मियाटा ४८ इंच, सेडान ५७, मधला लिफ्टचा पट्टा ६, एकूण १११ इंच. नऊ फुटी छत १०८ इंचांचं. तीन इंचांनी फसतं, आणि यात दरवाज्याच्या मोटरचा रूळ धरलेलाच नाही. छत दहा फुटांचं हवं, मोटर भिंतीवरची हवी. दोन खांबी लिफ्टसाठी साधारण बारा फूट लागतात.

ओढणाऱ्या गाडीचाही हिशेब घराशी जोडलेला आहे. मियाटा २,४०० पौंड, लोखंडी ट्रेलर २,०००, टायर-हत्यारं-पेट्रोल ४००, म्हणजे ४,८००. होंडा ओडिसीची ओढण्याची मर्यादा ३,५००, होंडा पायलटची फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर ५,००० आणि नसेल तर ३,५००. पायलटनं जमतं, पण अगदी काठावर. दांडीवरचं वजन एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवा. कमी पडलं तर साठ मैलांच्या वेगाला ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. राज्यात ४,००० पौंडांवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, म्हणून गाडीत ब्रेक कंट्रोलरची तार हवी. पिकअप घ्यायची ठरली तर तिच्यावर दरवर्षी मालमत्ता कर येतो, नोंदणीबरोबरच भरायचा. शहराच्या हद्दीत कौंटीच्या दरावर शहराचा दर चढतो. हद्दीबाहेरचं घर इथेही थोडं वाचवतं.

हद्दीबाहेरच्या घरात एक सापळा आहे: सेप्टिक, म्हणजे घराच्या सांडपाण्याची जमिनीतली टाकी आणि तिचं पाणी जमिनीत जिरवणाऱ्या नळ्या (ड्रेन फील्ड). मागच्या मोकळ्या हिरवळीवर ट्रेलर लावायचा बेत असतो आणि नेमकी त्याखाली ड्रेन फील्डची नळी असते. पिकअप आणि ट्रेलरच्या वजनानं माती दाबली जाते, नळी पिचते, आणि घरातलं पाणी उलटं येतं. कौंटीच्या पर्यावरण आरोग्य खात्याकडे परवान्याचा नकाशा असतो, तो मागवून घ्या आणि गॅरेजची जागा त्यावर आखून बघा.

वार्षिक तपासणी राज्यभर आहे, काही कौंटीत धुराचीही. रविवारी ट्रॅकवर बॅटरी काढली आणि सोमवारी धुराच्या तपासणीला गेलात तर गाडीच्या संगणकातले मॉनिटर (त्यानं स्वतः केलेल्या तपासण्यांच्या नोंदी) रिकामे निघतात आणि गाडी नापास होते. दोन-चार दिवस शहर आणि हायवे मिळून चालवून मग जा. ३५ वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला तपासणी माफ आहे, म्हणजे १९९० ची मियाटा आता सुटली. हद्दीपलीकडे फोर्ट मिलला तपासणीच नाही, म्हणून काही जण तिकडे घर घेतात. पण तेवढ्यासाठी व्हीआयआरपासून आणखी लांब जाणं मला पटत नाही.

डोंगरातलं ॲशव्हिल फिरायला सुंदर, राहायला या कामासाठी गैरसोयीचं. टेल ऑफ द ड्रॅगन, ११ मैलांत ३१८ वळणं, तिथून दोनेक तास. पण तो सार्वजनिक रस्ता आहे, वेगमर्यादा ३० मैल, आणि समोरून येणारा मोटरसायकलवाला तुमच्याच लेनमध्ये असू शकतो. शिवाय सप्टेंबर २०२४ च्या हेलीन वादळानं त्या भागातले रस्ते फार मोडले. विल्मिंग्टनचा किनारा सगळ्याच ट्रॅकपासून दूर, तो सोडूनच द्या.

तर कौल असा. मूल रेसिंगमध्ये घालायचं असेल तर मूर्सव्हिल किंवा कॉन्कर्ड. स्वतः गाडी पळवायची आणि ऑफिस ट्रँगलमध्ये असेल तर हिल्सबरो किंवा उत्तर डरहॅम. घरून काम असेल तर डोळे मिटून ग्रीन्सबरोच्या उत्तरेला. आणि घर आवडलं की लगेच सही करू नका. इथे ऑफर स्वीकारली गेली की विकणाऱ्याला ड्यू डिलिजन्स फी द्यावी लागते, आणि तुम्ही मागे फिरलात तर ती परत मिळत नाही. एचओएचे नियम, सेप्टिकचा नकाशा, फायबर आणि छताची उंची हे चारही त्या फीच्या आधी तपासा. घर बघायला जाताना पंचवीस फुटी टेप बरोबर न्या, आणि दरवाजा उघडलेला असताना रुळापासून जमिनीपर्यंतचं माप घ्या, छतापासून नव्हे.